बार्टन हॉलची रात्र कोणाच्या मालकीची?

अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस दरवर्षी 25 ध्वनिमुद्रणं निवडते आणि राष्ट्राचा ठेवा म्हणून त्यांची नोंद करते. ध्वनिमुद्रण किमान 10 वर्षं जुनं हवं आणि संस्कृती, इतिहास किंवा कला यांपैकी एका तरी अंगाने मोलाचं हवं. 2011 च्या यादीत ग्रेटफुल डेड या रॉक बँडची एक मैफल आहे: 8 मे 1977, बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ, गाव इथाका, न्यूयॉर्क राज्य. ही निवड झाली तेव्हा ते ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीने बाजारात आणलेलं नव्हतं. दुकानात जाऊन ते विकत घ्यायची सोय नव्हती. तरी लाखो लोकांनी ते ऐकलं होतं, त्यावर हिरिरीने वाद घातले होते, एकमेकांना कॅसेटी भरून दिल्या होत्या. अधिकृत आवृत्ती निघाली ती 2017 च्या मे महिन्यात, म्हणजे मैफलीला 40 वर्षं झाल्यावर.

राष्ट्राने आधी ठेवा मानला आणि कंपनीने मागाहून छापला, असा हा उलटा क्रम आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. उपजेचं संगीत, म्हणजे त्या रात्री त्या माणसांच्या हातून घडलेलं आणि पुन्हा तसं कधीच न घडणारं संगीत, टिकतं ते अनेकांच्या हाती गेल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. बार्टन हॉल त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. आणि हा प्रश्न अमेरिकेतल्या रॉकवेड्यांपुरता नाही. पुण्या-मुंबईतल्या, कोल्हापूर-बेळगावातल्या कपाटांमध्ये पडून असलेल्या मैफलींच्या टेपनाही तो तितकाच लागू आहे.

आधी ती रात्र. ग्रेटफुल डेड हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातला, 1965 मध्ये सुरू झालेला बँड. गाणी ठरलेली असत, पण गाण्याच्या मधला प्रदेश मोकळा असे. दोन कडव्यांमध्ये कुठे जायचं, किती वेळ राहायचं, एका गाण्यातून दुसऱ्यात कोणत्या वाटेने शिरायचं, हे रंगमंचावरच ठरे. आज काय वाजवायचं याची यादीसुद्धा ते आधी पक्की करत नसत. अशा बँडची एखादी रात्र साफ फसते, एखादी नुसती बरी होते आणि क्वचित एखादी अशी होते की वाजवणारेही चकित व्हावेत.

1977 चा वसंत हा या बँडचा बहराचा काळ. 1974 च्या अखेरीस त्यांनी दौरे थांबवले होते, 1976 मध्ये पुन्हा सुरू केले. दुसरा तालवादक मिकी हार्ट परत आला होता, म्हणजे पुन्हा दोन ड्रमवादक. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते स्टुडिओत एक अल्बम करत होते आणि निर्माता कीथ ओल्सन याने त्यांच्याकडून, विशेषतः ताल सांभाळणाऱ्यांकडून, कसून तयारी करून घेतली होती. त्या शिस्तीचा परिणाम मे महिन्यातल्या प्रत्येक टेपवर ऐकू येतो. सैलपणा हा या बँडचा स्वभाव, पण इथे सगळे एकमेकांचं ऐकून वाजवतात.

8 मे हा रविवार होता, अमेरिकेतला मातृदिन. मे महिना असूनही त्या रात्री इथाकात बर्फ पडला. बार्टन हॉल ही मुळात लष्करी कवायतीसाठी बांधलेली प्रचंड इमारत, संगीतासाठी बांधलेलं सभागृह नव्हे. दुसऱ्या भागाच्या आधी बँडचा गायक-गिटारवादक बॉब विअर लोकांना सांगतो की एक पाऊल मागे सरका, पुढची माणसं चेंगरताहेत. हे बोलणं टेपवर आहे आणि मला ते तिथेच राहिलं याचा आनंद आहे. अधिकृत लाइव्ह अल्बममध्ये अशा गोष्टी हमखास कापल्या जातात. याच बँडच्या 1972 च्या युरोप दौऱ्याच्या गाजलेल्या अल्बमवर गायनाचे काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन चढवले होते. तो अल्बम सुंदर आहे, पण त्यावर ती रात्र जशी झाली तशी नाही. बार्टन हॉलच्या टेपवर रात्र आहे, तिच्या गर्दीसकट.

दुसऱ्या भागाची सुरुवात 'स्कार्लेट बिगोनियाज'ने होते आणि त्यातून बँड 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरतो. दोन्ही मिळून साधारण 25 मिनिटं. ही जोडी त्यांनी जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, पहिल्यांदा एकत्र वाजवली होती. त्यामुळे मधला सांधा अजून घट्ट बसलेला नाही, आणि हेच ऐकण्यासारखं आहे. पहिल्या गाण्याचं शेवटचं कडवं संपतं, गिटार, पियानो आणि बास यांची आपसात बोलणी सुरू होतात आणि फिल लेशचा बास हळूहळू नवी चाल सुचवू लागतो. पहिलं गाणं नेमकं कुठे संपलं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. पुढचं गाणं तर फक्त दोन स्वरसंगतींवर उभं आहे. दोनच. बँडचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया तेवढ्याशा जागेत वेगवेगळी वाक्यं मांडत राहतो, घाई न करता, एक वाक्य पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न घालता. ज्याने मोजक्या स्वरांवर तासभर बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, ऐकली आहे अशा मराठी श्रोत्याला या वादनाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि इथे आपल्याकडचा एक खरा धागा आहे. मिकी हार्ट 1960 च्या दशकाच्या अखेरीस उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तालाचे धडे घेत होता. पुढे अल्लारखाँचे चिरंजीव, मुंबईत माहीमला वाढलेले झाकीर हुसेन, कॅलिफोर्नियात शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांचा ताल-वाद्यवृंद आणि मिकी हार्ट यांच्या एकत्र कामातून दिगा ऱ्हिदम बँड उभा राहिला. 1976 मध्ये त्यांचा अल्बम निघाला. त्यातल्या एका रचनेत गार्सियाने गिटार वाजवली आहे आणि तीच चाल, शब्द चढून, 'फायर ऑन द माउंटन' झाली. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ठेव्यात जमा झालेल्या त्या रात्रीच्या गाजलेल्या अर्ध्या तासात तबल्याच्या शिकवणीचा अंश आहे. त्याच भागात पुढे येणारं 'एस्टिमेटेड प्रॉफेट' सात मात्रांवर चालतं. रॉकच्या चार मात्रांना सरावलेल्या कानाला ते जरा अडखळतं. सात मात्रांचा रूपक ताल ऐकत वाढलेल्याला नाही.

शेवटाकडे 'मॉर्निंग ड्यू' येतं. कॅनडाच्या बॉनी डॉब्सन यांचं हे गाणं अणुयुद्धानंतर उरलेल्या जगात बोलणाऱ्या दोन माणसांचं आहे. बार्टन हॉलमध्ये ते जवळजवळ 14 मिनिटं चालतं. गार्सिया अगदी हळू गातो, शब्द सोडून देतो, मग गिटार जवळपास कुजबुजीपर्यंत खाली नेतो आणि तिथून चढायला लागतो. चढण फार लांब आहे. शेवटी तो सुटे स्वर सोडून तारांवर वेगाने हात फिरवू लागतो, दोन्ही ड्रम त्याच्या खांद्याला खांदा लावून येतात, आणि हॉलमधले हजारो लोक ओरडत असूनही ऐकताना आपण एकटे पडतो. रॉक संगीतात शोक इतका सोलून मांडलेला मी फार कमी ठिकाणी ऐकला आहे.

हे सगळं एवढ्या स्वच्छ आवाजात आपल्यापर्यंत पोचलं ते बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रक बाईंमुळे. 1970 च्या दशकात त्या बँडबरोबर फिरत. थेट दोन ट्रॅकवर त्या जागच्या जागी आवाजाचा तोल साधत. नंतर बसून दुरुस्त करता येईल असं त्यात काही नसे. बास किती पुढे, पियानो किती मागे, टाळ्या किती, हे त्या क्षणी त्यांच्या कानाने ठरवलेलं. गायकाच्या मागे तंबोरा किती अचूक लागला आहे यावर मैफल उभी राहते, तसं बेटीबाईंचं काम या वादनामागे आहे. चाहत्यांनी त्यांच्या टेपना त्यांच्याच नावाने 'बेटी बोर्ड्स' म्हणायला सुरुवात केली, ही एका ध्वनिमुद्रकाला मिळालेली दुर्मीळ दाद आहे.

पण त्या टेपचं पुढे काय झालं ते ऐका. बँडशी त्यांचे संबंध तुटले, हलाखीचे दिवस आले, सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि 1986 मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. हजाराच्या आसपास रिळं त्यात गेली. घेणाऱ्यांतल्या काहींना आपण काय घेतलं याची नीट कल्पनासुद्धा नव्हती. काही रिळं वर्षानुवर्षं ओल्या जागेत पडून बुरशी धरू लागली. टेप जमवणाऱ्या हौशी लोकांनी त्यांतली काही मिळवली, प्रती काढल्या आणि त्या वाटल्या. बुरशी लागलेल्या रिळांची पुढे चाहत्यांनीच कष्टाने डागडुजी केली. बार्टन हॉलची स्वच्छ प्रत साधारण 1987 पासून हातोहात फिरू लागली. मूळ रिळं बँडच्या संग्रहात परत आली तेव्हा गार्सियाला जाऊन 20 वर्षं होऊन गेली होती. 2017 च्या अधिकृत आवृत्तीसाठी टेपच्या वेगातले बारीक चढउतारही तंत्राने दुरुस्त केले गेले. आवाज आणखी उजळला. मात्र तोवर ते संगीत जिवंत ठेवलं होतं ते प्रती काढणाऱ्यांनी.

एकाच तिजोरीत ठेवलेलं सुरक्षित असतं, हा समज इथे मोडतो. 1 जून 2008 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे साठवलेल्या जुन्या मूळ ध्वनिफितींचा मोठा साठा जळाला. तो किती मौल्यवान होता याची चर्चा सर्वसामान्यांपर्यंत यायला 2019 उजाडलं. जगातली सर्वांत श्रीमंत संगीत कंपनी जे राखू शकली नाही, ते पोस्टाने कॅसेटी पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांनी राखलं. कारण साधं होतं: प्रत एका ठिकाणी नव्हती, हजारो घरांत होती.

त्या विद्यार्थ्यांची रीतही नोंदवण्यासारखी आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत या बँडच्या टेपची देवघेव चाले. 1974 मध्ये ब्रुकलिनमधून या मंडळींसाठी 'डेड रेलिक्स' नावाचं छोटं नियतकालिकच निघालं. नियम असा की पैसे घ्यायचे नाहीत. टेपच्या बदल्यात टेप, आणि ज्याच्याकडे द्यायला काही नसेल त्याने कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवायचा. विकणाऱ्याला मंडळीत जागा नसे. हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता, पण तो कसोशीने पाळला गेला.

बँडनेही हळूहळू त्याला मान्यता दिली. टेप करणाऱ्या श्रोत्यांचे मायक्रोफोनचे उंच दांडे मैफलीच्या मधोमध उभे राहू लागले, मागच्यांना दिसेना, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यालाही रंगमंच दिसेना. त्यावर बंदी घालणं सोपं होतं. 1984 च्या ऑक्टोबरमध्ये बँडने त्याऐवजी ध्वनिनियंत्रणाच्या टेबलामागे टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखली आणि तिची वेगळी तिकिटं काढली. आम्ही वाजवून झालो की ते तुमचं, अशा अर्थाची गार्सियाची भूमिका होती. मला या भूमिकेत मोठं शहाणपण दिसतं. उपजेचं संगीत वाजवणाऱ्याच्या हातून एकदा निघालं की त्यालाही ते परत करता येत नाही. तो उद्या दुसरं काही वाजवेल. मग कालचं कुलपात ठेवून त्याला नेमकं काय मिळतं?

पैसे मिळतात, असं उत्तर येईल. ते उत्तर मी हलकं मानत नाही, कारण कलावंताचं पोट हा गंभीर विषय आहे. पण या बँडचा हिशेब बघा. टेप फुकट फिरत असतानाच 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हा बँड अमेरिकेत दौऱ्यांवर सर्वाधिक कमाई करणाऱ्यांमध्ये होता. टेप ऐकून माणसं मैफलीला आली, आणि प्रत्येक रात्र वेगळी असल्यामुळे पुन्हा पुन्हा आली. 1993 पासून बँडने आपल्या संग्रहातल्या निवडक मैफलींची एक मालिका विकायला काढली. निवड करायला जो माणूस नेमला तो डिक लॅटवाला स्वतः टेप जमवणाऱ्यांतलाच. अशा मैफलींच्या मालिका आजही निघतात आणि विकल्या जातात. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या 40 मध्ये सर्वाधिक वेळा पोचण्याचा विक्रम या बँडच्या नावावर जमा झाला, गार्सिया जाऊन 28 वर्षं उलटल्यावर. ज्यांची मैफल फुकट ऐकायला मिळते तेच लोक ती विकतही घेतात, कारण त्यांना ती आधीच प्रिय झालेली असते.

हा बँडसुद्धा एकदा डगमगला. इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर त्यांच्या हजारो मैफली खुल्या होत्या. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये बँडच्या सांगण्यावरून त्या उतरवून घेण्याची सोय बंद झाली. चाहते खवळले. फिल लेश आणि बँडचे गीतकार जॉन पेरी बार्लो यांनीही उघड नाराजी दाखवली. काही दिवसांतच तडजोड झाली: श्रोत्यांनी मायक्रोफोन लावून केलेली ध्वनिमुद्रणं पुन्हा उतरवून घ्यायला खुली, आणि ध्वनिनियंत्रण टेबलावरून घेतलेली स्वच्छ ध्वनिमुद्रणं फक्त तिथेच ऐकायला. ही तडजोड मला रास्त वाटते. ऐकायला सगळं खुलं राहिलं आणि बँडच्या स्वतःच्या पदरी विकण्यासारखं काही उरलं. मालकी आणि खुलेपणा यांतलं एकच निवडा, असा आग्रह धरायची गरज नसते.

आता एक आक्षेप, जो मला सगळ्यांत अवघड वाटतो. कलावंताला आपली वाईट रात्र विसरली जावी असं वाटण्याचा हक्क नाही का? घसा बसलेला, साथ जुळलेली नाही, आणि तेवढीच मैफल कोणीतरी जपून ठेवली आणि जगाला दाखवली, तर? जिवंत कलावंताच्या बाबतीत मी हा हक्क पूर्ण मानतो. त्याने नको म्हटलं तर नको. पण डेडच्या अनुभवाने एक गोष्ट शिकवली आहे. सगळ्याच रात्री उपलब्ध असल्या की वाईट रात्रीचं ओझं कमी होतं. ती हजारांतली एक होते. चाहत्यांना बँडच्या फसलेल्या मैफली तपशिलासह माहीत आहेत आणि त्यामुळे बँडचा मान तिळभर उणा झालेला नाही. उलट बार्टन हॉल श्रेष्ठ का, हे सांगता येतं ते शेजारच्या रात्री ऐकता येतात म्हणूनच. दुसऱ्याच दिवशी, 9 मे रोजी, बँड बफेलोला वाजला आणि ती रात्र कॉर्नेलपेक्षा सरस होती असं मानणारे जाणकार थोडेथोडके नाहीत. बार्टन हॉलची कीर्ती तिच्या स्वच्छ टेपमुळे आणि ती लवकर सर्वदूर फिरल्यामुळे वाढली, असंही ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्या भागात काही गाणी नुसतीच नीटनेटकी आहेत. तरी 'मॉर्निंग ड्यू'साठी मी कॉर्नेलच्या बाजूने उभा राहीन. असा वाद घालता येणं हीच खरी रसिकता आहे, आणि त्यासाठी दोन्ही रात्री कानांवर पडायला हव्यात.

आपल्याकडे हा वाद घालता येतो का? उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याबद्दल आपण ऐकतो ते शिष्यांच्या आणि श्रोत्यांच्या तोंडून. शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरला राहिलेले, जयपूर-अत्रौली गायकी घडवणारे, 1946 मध्ये मुंबईत वारलेले हे गवई. त्यांच्या हयातीत ग्रामोफोन घरोघर पोचलेला होता. पण आपली विद्या उचलली जाईल या काळजीने त्यांनी गाणं मुद्रित होऊ दिलं नाही, असं सांगितलं जातं. त्यांच्या गळ्यातला एक सूरही आज आपण ऐकू शकत नाही. ती काळजी त्या काळात चुकीची होती असं मी म्हणणार नाही. विद्या हीच ज्यांची मिळकत, त्यांना ती राखावीच लागते. पण त्या राखण्याची किंमत आपण सगळे आजही मोजतो आहोत.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. 1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे बार्टन हॉलनंतर चार महिन्यांच्या आत, व्हॉयेजर यानं अवकाशात निघाली आणि त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी गेली. साडेतीन मिनिटांच्या आसपासची. त्याच सप्टेंबरात त्या वारल्या. त्या भैरवीचा अभिमान मलाही आहे. पण ज्या गायिकेची कीर्ती तासाभराच्या संथ, अखंड बढतीवर उभी होती, तिच्या गाण्याची जगाला ओळख साडेतीन मिनिटांच्या तबकडीने व्हावी, यात फार मोठं काही हरवलं आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावत असे. मैफल मावायची ती स्पूल टेपवर.

आणि अशा टेप महाराष्ट्रात झाल्या. 1950 च्या दशकापासून हौशी रसिकांनी घरगुती बैठकींत, गणेशोत्सवात, संगीत मंडळांच्या कार्यक्रमांत जड यंत्रं उचलून नेऊन ध्वनिमुद्रणं केली. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी यांच्या कितीतरी मैफली अशाच उरल्या. त्या रसिकांचे उपकार फिटणार नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याच टेपभोवती एक भिंत उभी राहिली. अमुक बैठकीचा अमुक राग माझ्याकडेच आहे, दुसऱ्या कोणाकडे नाही, याचा अभिमान. ऐकवायचा तर निवडक पाहुण्यांना, घरी बोलावून, प्रत न देता. संग्राहक वारले की पुढच्या पिढीला त्या डब्यांत काय आहे हे माहीत नसतं. मुंबई-कोकणच्या हवेत चुंबकीय फितीला बुरशी धरायला किती पावसाळे लागतात? बेटीबाईंच्या रिळांचं जे झालं तेच इथे घराघरांत होत आहे, फरक इतकाच की इथे प्रती काढून वाटणारी मंडळी तेवढी मोठी नाहीत आणि त्यांना चोरीचा शिक्का लागण्याची भीती वाटते.

कायदा पाहिला तर एवढी भीती वाटायचं कारण नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणावरचा हक्क आहे आणि तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून 50 वर्षं टिकतो. पण त्याच कायद्याच्या कलम 39 नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा या हक्काचा भंग ठरत नाही. खासगी वापराच्या पलीकडे जाऊन ते ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकवायचं तर कलावंताची, किंवा तो नसेल तर वारसांची, संमती हवी. हे योग्यच आहे. म्हणून माझी विनंती आधी वारसांना आहे. गार्सियासारखी भूमिका घ्या. विक्री नाही, फेरफार नाही, नाव अर्धवट नाही, या अटींवर ऐकण्याची परवानगी एकदाच, लेखी, देऊन टाका. हवं तर डेडसारखी उत्तम प्रतीची ध्वनिमुद्रणं विक्रीसाठी राखून ठेवा. तुमच्या वडिलांचं किंवा आजोबांचं गाणं ऐकणारा 20 वर्षांचा मुलगा उद्या तुमच्या घराण्याच्या मैफलीचं तिकीट काढणार आहे. त्याला ते गाणं ऐकायलाच मिळालं नाही तर तो का येईल?

दुसरी विनंती महोत्सवांच्या संयोजकांना. प्रवेशद्वारावर ध्वनिमुद्रणाला सक्त मनाई असा फलक लावायचा आणि आत प्रत्येक हातात मोबाइल उंचावलेला, ही आजची स्थिती कोणाच्याच कामाची नाही. त्या उंचावलेल्या हातांतून उरतात ते मिनिटाभराचे तुकडे, बहुधा तिहाई आणि टाळ्यांचे. आलापाचा एक तास कोणीच जपत नाही. ज्या कलावंताची संमती असेल त्याच्या मैफलीला मागच्या बाजूला एक जागा राखा, नीट यंत्र आणणाऱ्यांना तिथे बसू द्या, त्यांच्याकडून एक प्रत संस्थेसाठी घ्या. मोबाइल मात्र खिशात. 1984 मध्ये एका रॉक बँडला जे जमलं ते शिस्तीची एवढी परंपरा असलेल्या आपल्या मंडळांना सहज जमेल.

आकाशवाणीबद्दल मी अधिक आग्रहाने बोलेन, कारण तिथला संग्रह लोकांच्या पैशातून उभा राहिला आहे. त्यातला काही भाग प्रसिद्ध झाला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण निवडून, थोडं थोडं बाहेर काढणं आणि सर्वांना ऐकायला खुलं करणं यांत मोठं अंतर आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने बार्टन हॉलची नोंद करताना कंपनीची वाट पाहिली नाही. लोक काय जपताहेत हे तिने पाहिलं. आपल्या सार्वजनिक संस्थांनीही खासगी संग्राहकांकडे संशयाने न पाहता सहकारी म्हणून पाहावं, त्यांच्या टेपचं संगणकीय रूपांतर आपल्या खर्चाने करून द्यावं आणि मूळ टेप त्यांच्याकडेच राहू द्यावी.

आणि सुरुवात टेपपासून करायचीही गरज नाही. यादीपासून करता येईल. डेडच्या चाहत्यांकडे बँडच्या दोन हजारांहून अधिक मैफलींची तारीखवार नोंद आहे: कुठे, कधी, काय वाजवलं, कोणत्या क्रमाने, टेप आहे की नाही, असली तर कोणी केली. इंटरनेट येण्याआधीच ही नोंद टंकलिखित कागदांवर फिरत होती. आपल्याकडच्या संग्राहकाने प्रत देऊ नये, ऐकवूही नये, पण एवढं तरी जाहीर करावं: कोणाची मैफल, तारीख, गाव, राग आणि बंदिशी, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण आणि यंत्र घेऊन कोण बसलं होतं. ते शेवटचं नाव विशेष आठवणीने लिहावं. अशी शंभर घरांतली यादी एका ठिकाणी आली की कोणत्या मैफलीची एकच प्रत उरली आहे आणि कोणतं रीळ आधी वाचवायला हवं, हे पहिल्यांदाच आपल्याला कळेल.